पिवळ्या चिठ्ठीचे काका

सातपूरच्या आमच्या चाळीत आम्ही पत्र्याखालचा उन्हाळा सोसला, एका नळावर बारा बिऱ्हाडं सोसली, वडिलांच्या तीन पाळ्या सोसल्या. पण या सगळ्यांहून जास्त काही सोसलं असेल तर ते शेजारच्या काकांना. गरिबी एकदा आली की आली, ती निदान पुन्हा पुन्हा तपासायला येत नाही. काका येत.

वडील इगतपुरीकडच्या भातखाचरांतून उठून कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि काही वर्षांनी लेथवर आले. आई ब्लाउज शिवायची. आमच्या खोलीत टेबल म्हणावं अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे आईचं शिलाई मशीन. त्यावर फळी टाकली की माझी अभ्यासिका. त्यामुळे लग्नसराईत मी नापास होता होता वाचायचे आणि पितृपक्षात, नवे ब्लाउज कोणी शिवायला टाकत नाही म्हणून, वर्गात पहिली यायचे. दोन्हीकडच्या घराण्यांत दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी कॉलेजात गेले तेव्हा वडिलांनी खात्यात पेढे वाटले आणि गावाकडून चुलत्यांनी निरोप धाडला, "पोरीला शिकवतो तरी किती? पाव्हणे लय दिवस विचारत्यात." वडिलांनी उलटा निरोप धाडला, "बी.ए. होऊ दे. तवर एक शब्द नाय. वर्ष गेलं तर मग तू म्हणशील तसं." ते शेवटचं वाक्य त्यांनी तोंडाच्या भरात टाकलं होतं. पण टाकलं होतं, आणि आमच्याकडे टाकलेला शब्द उचलून घेत नाहीत.

आता काका. वडिलांच्याच कंपनीत ते तीस वर्षं मालाची तपासणी करत होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक जॉब त्यांच्या हाताखालून जायचा आणि केसाच्या शंभराव्या भागाने जरी चुकला असेल तरी परत यायचा. वडील त्यांना नळावरसुद्धा "साहेब" म्हणत, आणि साहेब त्या वेळी टॉवेलवर असत. रिटायर झाल्यावर माणसाचं काम सुटतं, सवय सुटत नाही. काका भाजीवाल्याकडे मेथीची जुडी सोडून पाहत, काडी काडी, आणि "लॉट ठीक आहे" म्हणून पुन्हा बांधून परत ठेवत. घेत नसत, कारण मेथी त्यांना आवडत नसे. नारळ कानाशी हलवून पाहायचा तर सगळ्या पोत्यातला. काडेपेटी आणली की त्यातली पहिली, मधली आणि शेवटची काडी ओढून बघायची. काकूंना पसंत करण्याआधी ते त्यांना तीनदा बघून आले होते, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी आणि एकदा न कळवता. काकू हे सांगताना वर म्हणायच्या, "आणि चौथ्यांदा मी गेले त्यांना बघायला. मी तरी कशाला राहू मागे?"

कंपनीने निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी आठवडाभर रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. पण जाता जाता त्यांनी स्टोअरमधून एक वस्तू स्वतःहून मागून घेतली होती: तपासणीच्या चिठ्ठ्यांचे उरलेले गठ्ठे, दोरीसकट. लाल चिठ्ठी म्हणजे माल नापास. हिरवी म्हणजे पास. आणि पिवळी म्हणजे होल्ड, निर्णय व्हायचा आहे, तोवर कोणी हात लावायचा नाही. कंपनीत पिवळ्या चिठ्ठीच्या मालाला हात लावला तर मेमो मिळायचा, आणि आमची सगळी चाळ कंपनीतलीच. काकांनी एकदा गळणाऱ्या नळाला पिवळी चिठ्ठी बांधली, तर बायका दोन दिवस पलीकडच्या गल्लीतून पाणी आणत होत्या. नळ चालू होता! पाणी येत होतं! पण चिठ्ठी होती ना. लाल आणि पिवळ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे बघता बघता निम्मे झाले. हिरवा गठ्ठा मात्र रबरबँडसकट कोरा होता. कंपनीत रोज हिरव्या वाटणारा हा माणूस चाळीत एकही द्यायला तयार नव्हता.

नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांच्या खात्यात कॉम्प्युटर आले होते आणि ते त्यांनी इतक्या संशयाने वापरले की वापरता वापरता दुरुस्तही करायला शिकले. चाळीत कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की काका एक स्टीलचा डबा घेऊन हजर. डब्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली एक सीडी, तिच्यावर निळ्या पेनने लिहिलेलं: "मेमरी तपासणी. हात लावू नये." बिघाड कसलाही असो, अगदी माउसची वायर उंदराने कुरतडलेली असो, पहिल्यांदा ही सीडी चालायची. ती घालून कॉम्प्युटर चालू केला की त्याचं नेहमीचं काही उघडतच नसे. निळ्या पडद्यावर आकडे धावू लागत आणि तासन् तास धावत. एकदा मी विचारलं, "काका, हे नक्की करतं काय?" ही माझी चूक. त्यांनी खुर्ची ओढली.

"हे बघ. मेमरी म्हणजे लाखो खोल्यांची चाळ. ही सीडी प्रत्येक खोलीत एक माणूस नेऊन ठेवते आणि परत जाऊन हाक मारते. ज्याला ठेवला त्यानेच ओ दिली, खोली चांगली. दुसऱ्याच कोणी दिली, खोली खराब. सगळ्या खोल्या झाल्या की एक फेरी. मग दुसरी फेरी, वेगळी माणसं ठेवून."

"आणि एका फेरीत सगळ्यांनी बरोबर ओ दिली तर?"

"एका फेरीत तर चोरही ओ देतो," काका म्हणाले.

तेव्हा पेन ड्राइव्ह सगळीकडे झाले होते, पण त्याला ते हात लावत नसत. "त्याच्यावर कोणीही येऊन काहीही लिहून जातं. सीडीवर एकदा लिहिलं की सटवाईनं लिहिल्यासारखं. व्हायरसच्या बापाला खोडता येत नाही."

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भूगोल. वर्षाअखेरीस एक प्रकल्प द्यायचा होता. आमच्या भागातले कामगार कुठल्या गावांतून आले, का आले आणि घरटी माणसं किती, हे मी दोनशे बारा घरांत जाऊन लिहून आणलं होतं. कंपनीच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा वडिलांनी एक उचलून आणला होता; मशीनवरच्या फळीवर तो बसला आणि आईचं शिवणकाम जमिनीवर उतरलं, हातशिलाईवर. त्यात मी सगळी माहिती भरली. आणि मार्चमध्ये त्याने अंग काढलं. मधेच निळा पडदा येऊन बंद पडायचा. फाइल उघडायची नाही. उघडली तर आतलं बदललेलं असायचं. मोजक्या शब्दांत सांगायचं तर, समोरच्या खोलीतल्या पवारांना तीन मुलं होती आणि माझ्या तक्त्यात ती सहा झाली होती. पवारकाकू म्हणाल्या, "कोणाला सांगू नको गं बाई, आमचे हे आधीच घाबरट आहेत."

घरात प्रत्येकाने आपापल्या परीने निदान केलं. आईने कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. वडिलांनी कंपनीतून आल्यावर त्याला तोंडाने फुंकर मारली, पुठ्ठ्याने वारा घातला आणि म्हणाले, "ऑइल कुठं टाकत्यात याला?" दुकानदाराने माझ्या फाइली बाजूला काढून दोनदा बाकीचं सगळं पुसून नव्याने भरून दिलं आणि दोन्ही वेळा "व्हायरस होता" म्हणाला. प्रकल्प द्यायला आठ दिवस उरले होते. पुढच्या शनिवारी चार वाजता मॅडम कपाट बंद करणार, त्यानंतर आलेला अहवाल घेणार नाही, म्हणजे विषय गेला, म्हणजे वर्ष गेलं, म्हणजे चुलते. मी रडकुंडीला येऊन काकांच्या दारात गेले.

काका शुक्रवारी पहाटे पाच वाजता डबा घेऊन आले. आधी त्यांनी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे पिवळे दात माझ्या खोडरबराने घासले आणि ते खोडरबर मला परत देताना "हलक्या प्रतीचं आहे" असा शेरा मारला. मग सीडी घातली. नऊ वाजेपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. एकही चूक नाही.

"झालं ना काका? मेमरी चांगली आहे. आता मी टाइप करू?"

"सकाळी सगळेच सज्जन असतात," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून पिवळी चिठ्ठी काढून कॉम्प्युटरच्या मानेला बांधली, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

शनिवारी पहाटे पुन्हा दोन फेऱ्या. चूक नाही. रविवारी पट्ट्या अदलाबदल करून. चूक नाही. सोमवारी एकच पट्टी लावून. चूक नाही. रोज नऊ वाजता ते काकूंच्या हातच्या नाश्त्याला घरी जात आणि चिठ्ठी तशीच लोंबत राही. मी सांगून पाहिलं, हात जोडून पाहिलं, भांडून पाहिलं. "अगं, चूक आहे. ती सापडत नाही म्हणजे नाही असं नाही," एवढंच उत्तर. सोमवारी संध्याकाळी मी वडिलांना म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना. कॉम्प्युटर आपला आहे. नुसता चालू करून द्या."

वीस वर्षं लेथ चालवलेले माझे वडील त्या चिठ्ठीकडे बघत लांबूनच म्हणाले, "होल्डवर हाय ना पोरी."

"अहो, आपल्या घरात आहे तो!"

"घरात असू दे नायतर देवळात. साहेबांची सही हाय त्याच्यावर."

मी मंगळवारी सकाळी दहा वाजता चिठ्ठी फाडली. दोरीसकट. आई जमिनीवर हुक लावत बसली होती. तिने वर पाहिलं आणि पदराने घाम पुसून पुन्हा खाली पाहिलं. ती कंपनीत नव्हती, तिला मेमोची भीती नव्हती. मी टाइप करत सुटले. अकरा वाजता पहिलं प्रकरण, बारा वाजता नकाशांची यादी. मनातल्या मनात मी काकांना जे काही बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक वाजला, मी तक्ते भरायला घेतले. पत्रा तापून तडतडायला लागला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी निळा पडदा आला, आणि पुन्हा चालू केल्यावर सकाळपासूनचं सगळं लिखाण म्हणजे नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

काका दारात कधी येऊन उभे राहिले होते ते मला कळलं नाही. फाडलेली चिठ्ठी माझ्या पायाशीच पडलेली. मी त्यांना बोलूच दिलं नाही. "बघा! झालं समाधान? तुमच्या फेऱ्यांत एकही चूक नाही, आणि माझ्याकडे मेलं रोज दुपारी बंद पडतं!"

"दुपारी?" काका म्हणाले. "किती वाजता?"

"मला काय माहीत! दुपारी!"

"तू सर्व्हे करतेस ना घरोघर? मग स्वतःच्या घरातलं लिहिलेलं नाहीस?"

हा टोमणा मला इतका लागला की मी वहीचं मागचं पान उघडून त्यांच्या पुढ्यात आपटलं. कारण मी लिहिलं होतं. दुकानदाराला दाखवायला म्हणून बंद पडायच्या वेळा टिपून ठेवल्या होत्या. दीड. तीन वाजायला पाच. दोन. सव्वादोन. एकही सकाळची नाही. काकांनी ते पान खालून वर आणि वरून खाली वाचलं. मग पत्र्याकडे पाहिलं. मग आईकडे वळून अतिशय गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, एक जाडशी गोधडी द्या."

"कशाला?"

"याला थंडीत तपासून उपयोग नाही. घाम फुटल्याशिवाय हा खरं बोलणार नाही."

आईची माहेरची, सहा लुगड्यांची गोधडी कॉम्प्युटरवर पडली तेव्हा तिचा जीव खालीवर झाला. "पेटली बिटली तर, भावजी?" "मी बसलोय ना," काका म्हणाले आणि एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हाताचा पंजा गोधडीच्या आत घालून बसले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. वडील फर्स्ट शिफ्ट करून आले ते दारातच थबकले. गोधडीतून नुसता पडदा बाहेर आला होता, त्यावर आकडे धावत होते आणि त्याच्यासमोर साहेब, बादली, आई आणि मी अशी रांग लागली होती. "काय झालं? गेला का?" त्यांनी हळूच विचारलं. पस्तीस मिनिटं झाली असतील. निळ्या पडद्यावर एकाएकी एक लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग बघता बघता अर्धा पडदा लाल.

काकांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. "सापडली!" ते ओरडले. "भाऊ, बघा! चार दिवस तोंडावर खोटं बोलत होती!" वडिलांनी चाळभर हाका मारल्या आणि पवारांसकट अर्धी चाळ लाल ओळी बघायला जमली. कशाला आलोय ते निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण रिजेक्शनचा रंग सगळ्यांना कळत होता. पट्ट्या एकेक लावून, गोधडी घालून, बुधवार दुपारपर्यंत चोर पट्टी ठरली. तिला लाल चिठ्ठी लागली. उरलेल्या एका पट्टीवर, गोधडीखाली, भर दुपारी तीन फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे काका म्हणाले, "सावकाश चालेल, पण खरं बोलेल. कर टाइप."

मला वाटलं, सुटले. पण काका उठले नाहीत. म्हणाले, "अर्ज कुठे आहेत तुझे? घरोघरचे?"

"ते आहेत पिशवीत. पण माहिती तर आधीच भरली आहे ना."

"कशाने भरलीस? त्याच पट्टीने ना? खराब गेजने मोजलेला माल पास करतेस?"

आणि मग बुधवारची उरलेली दुपार आणि सगळा गुरुवार या माणसाने मला दोनशे बारा अर्ज मोठ्याने वाचायला लावले. मी वाचायचे, ते पडद्यावर बोट ठेवून बघायचे. "गाव?" "पेठ." "बरोबर. माणसं?" "पाच." "बरोबर. पुढे." शुक्रवारी टायपिंग कधी करू, चित्रं कधी चिकटवू, हे मनात मोजत, वाचून वाचून सुकलेल्या घशाने मी मधूनमधून त्यांच्याकडे अशी बघायचे की कोणीही दुसरा माणूस उठून गेला असता. काका पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "पुढे." पहिल्या साठ घरांत एकही चूक निघाली नाही. मी म्हटलं, "काका, आता पुरे." ते म्हणाले, "पुढे." एकसष्टाव्या घरात माणसं चारची आठ झालेली होती. त्यानंतर "पुढे" मीच म्हणू लागले. एकूण अकरा चुका निघाल्या. त्यातली एक अशी होती की इगतपुरीकडून आलेल्या एका कुटुंबातली माणसं दुप्पट झाली होती, आणि ते कुटुंब आमचंच होतं. स्वतःच्या घरची माणसं मी महिनाभर त्या तक्त्यात चुकीची वागवत होते आणि मला दिसली नव्हती.

शनिवारी तीन वाजता मी अहवाल मॅडमच्या हातात दिला. त्यांनी मधलंच एक पान उघडलं, एका बेरजेवर पेन ठेवून ती करून पाहिली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." मला हसू आलं. मॅडमना कारण कळलं नाही.

पदवीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा वडिलांनी ते पॅंटला हात पुसून घेतलं आणि सरळ काकांच्या दारात नेलं. काकांनी नावातलं एकेक अक्षर वाचलं, आईचं नाव वाचलं, कागद उजेडाशी धरून पाहिला आणि परत दिला. वडील हिरमुसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतःच येऊन पुन्हा बघून गेले. आणि रविवारी आम्ही जेवायला बसलो असताना, न कळवता, तिसऱ्यांदा बघायला आले. या वेळी त्यांच्या हातात तो कोरा गठ्ठा होता. त्याचं रबरबँड इतकं जुनं झालेलं की हात लावताच तुटलं. वरची चिठ्ठी काढून त्यांनी उभ्या उभ्या भिंतीला टेकवून लिहिली: "माल: पदवी. नग: एक." खाली सही केली. शेरा लिहायची जागा होती, तिथे पेन थोडा वेळ टेकवला आणि तशीच कोरी सोडली.

"साहेब," वडील म्हणाले, ताटावरून उठले आणि हात धुऊन चिठ्ठी घ्यायला पुढे झाले.

आता ती चाळ पाडून तिथे मोठी इमारत होते आहे. काका-काकू येवल्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना काकांनी मला तो स्टीलचा डबा दिला, मलमलच्या फडक्यासकट. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी फोन येतो. तब्येत विचारायच्या आधी विचारतात, "कामाच्या फाइली किती ठिकाणी ठेवल्यास?" मी सांगते, तीन ठिकाणी. "उघडून पाहिल्यास?" मी वैतागून म्हणते, हो काका, पाहिल्या. आणि फोन ठेवल्यावर जाऊन खरोखरच पाहते.

प्रमाणपत्र फ्रेम करून आईच्या मशीनच्या वर लावलं आहे, कोपऱ्यात ती हिरवी चिठ्ठी, दोरीसकट. मी भूगोल घेऊन बी.ए. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरातली पहिली. माझ्यामागून चुलत्यांच्या दोन्ही मुलीही बी.ए. झाल्या.